गोंधळ तासाच्या सांध्यात असतो

आठवी ते दहावीच्या वर्गात गोंधळ नेमका कधी होतो, याची आठवडाभर नोंद ठेवून पाहा. शिकवणं रंगात आलेलं असताना तो क्वचितच होतो. घंटा झाल्यापासून शिक्षक बोलायला लागेपर्यंत, फळ्याकडे पाठ फिरल्यावर, वह्या गोळा होताना आणि शेवटच्या पाच मिनिटांत होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी वर्गांचं चित्रीकरण तपासून १९७० साली जे मांडलं, ते याच्याशी जुळतं : रागावण्याच्या पद्धतीवरून वर्गाची शिस्त ठरत नाही, तास कसा चालवला जातो, यावरून ठरते.

हजेरीचंच घ्या. साठ नावं, एकेका नावाला तीन सेकंद, म्हणजे तीन मिनिटं एकोणसाठ मुलं रिकामी. त्याऐवजी फळ्यावर कालच्या पाठावरचा एक प्रश्न आधीच लिहून ठेवा. उत्तर वहीत दोन ओळींत. जागा ठरलेल्या असतील तर रिकामा बाक पाहून गैरहजेरी टिपता येते. हा उपाय फसतो तो दोन कारणांनी. प्रश्न अवघड असला तर मागचे बाक पेन खाली ठेवतात. आणि उत्तरं कुणी पाहतच नाही हे कळलं, की चौथ्या दिवशी कुणी लिहीत नाही. रोज पाच वह्या पाहा, पण कुणाच्या ते आधी सांगू नका.

वह्या टेबलापाशी आणायला सांगितल्या की ढकलाढकली ठरलेलीच. शेवटच्या बाकावरून पुढे सरकवा. प्रत्येकाने आपली वही वर ठेवायची. फळ्यावर तीन-चार ओळींपेक्षा जास्त सलग लिहू नका, आणि लिहिताना तिरपं उभं राहा.

प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो? अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली. नाव मात्र प्रश्नानंतर घ्या. आधी घेतलं तर बाकीचा वर्ग सुटला!

एवढं करूनही कुणी बोलतच राहिला, तर वाक्य न तोडता त्याच्या बाकापाशी जा. नाही जमलं तर हलक्या आवाजात काय करायचं ते सांगा : ‘उदाहरण तिसरं, सुरू कर.’ ‘का बोलतोस?’ हा प्रश्न भर वर्गात विचारू नका. चौदा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर माघार घेता येत नाही, मग उत्तर उर्मटच येतं. खरं बोलणं तास संपल्यावर, दोन मिनिटं, एकट्याशी.

वर्गाबाहेर उभं करणं ही तर अनेकदा बक्षिशीच. त्याला नको होता तो तास चुकतो, उद्याचं गणित कळत नाही, म्हणून तो पुन्हा बोलतो. सगळ्या वर्गाला शिक्षा दिली तर निरपराध मुलंही त्याच्या बाजूला जातात. छडीबद्दल चर्चेला जागाच नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. ‘तुझ्या डोक्यात दगड आहेत’ हे वाक्य आपण दुसऱ्या प्रकारात धरत नाही, ही आपली सोय.

उरला शेवटचा सांधा. पस्तीस मिनिटांच्या तासात गृहपाठ अठ्ठाविसाव्या मिनिटालाच लिहून द्या आणि त्यातलं पहिलं उदाहरण तिथेच सोडवायला लावा. घंटा होईल तेव्हा मुलांच्या हातात पेन असेल, दप्तर नाही.