कार्ड खरवडण्याआधी

[दृश्य: वर्गातलं एक टेबल. सहा विद्यार्थी एका कार्डावर वाकलेले.]

"थांब, एवढ्यात खरवडू नकोस. 'क' कसं काय? आधी कारण सांग."

थोड्या वेळापूर्वी हीच चाचणी प्रत्येकाने एकट्याने, मुकाट्याने सोडवली होती. आता तेच प्रश्न गटापुढे आहेत. बरोबर पर्याय खरवडला, तर खाली चांदणी निघते. नाही निघाली, तर पुन्हा चर्चा, आणि गुणही कमी.

या पद्धतीला टीम-बेस्ड लर्निंग म्हणतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन यांच्या वर्गातली संख्या ४० वरून १२० वर गेली. एवढ्या मोठ्या वर्गातही विद्यार्थ्यांनी फक्त ऐकत बसू नये, विचार करावा, यासाठी त्यांनी ती घडवली. गट ५ ते ७ जणांचे. ते शिक्षकच पाडतात आणि सत्र संपेपर्यंत मोडत नाहीत. धडा आधी वाचून यायचं. वर्गातला वेळ प्रश्नांसाठी.

[दृश्य: टेबलाच्या टोकाला बसलेली, न बोलणारी विद्यार्थिनी.]

हिच्याकडे बघा. तिने धडा नीट वाचलाय, पण बोलायला बिचकते. गट मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचं ऐकतो आणि चांदणी निघत नाही. तिने हळूच सुचवलेला पर्याय खरवडला जातो आणि चांदणी दिसते. पुढच्या प्रश्नाला सगळे आधी तिच्याकडे वळतात, "तुला काय वाटतं?" शिकायची ओढ इथे लागते. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे कळल्यावर वाचून येण्यासाठी वेगळं कुणी बजावावं लागत नाही.

गटकार्याबद्दलची जुनी तक्रार मात्र खरी आहे: राबतो एक, गुण सगळ्यांना. फ्रेंच अभियंता मॅक्स रिंगेलमन यांना दोरी ओढण्याच्या प्रयोगांत हेच आढळलं होतं. माणसं वाढली, की प्रत्येकाचा जोर कमी पडतो. म्हणून इथे एकट्याने दिलेल्या चाचणीचेही गुण धरतात आणि सत्राच्या शेवटी गटातले सहकारी एकमेकांचं मूल्यमापन करतात. हे दोन्ही वगळून नुसती टेबलं जोडली, तर जुनंच दुखणं परत येतं.

[दृश्य: सगळे गट एकाच वेळी अक्षरांच्या पाट्या उंचावतात.]

यानंतर खरा कस लागतो. वैद्यकीय वर्गात रुग्णाची लक्षणं आणि तपासण्यांचे निकाल समोर ठेवून विचारतात, "पहिलं औषध कोणतं द्याल?" सगळ्यांना प्रश्न एकच, निवडही एकच करायची आणि ती एकाच क्षणी दाखवायची. दुसऱ्याचं बघून आपलं उत्तर बदलायला वाव नाही. कुठे 'ब', कुठे 'ड'. मग प्रत्येक गट आपली बाजू मांडतो.

असा प्रश्न तयार करणं शिक्षकासाठी सगळ्यात अवघड. उत्तर पुस्तकात आयतं सापडलं, तर चर्चा तिथेच संपते.

चाचणीतलं उत्तर चुकीचं ठरवलं गेलं आणि गटाला ते पटलं नाही, तर पुराव्यासह लेखी दाद मागता येते. गुण मिळतात ते फक्त दाद मागणाऱ्या गटाला. त्यामुळे चाचणी संपली, तरी काही टेबलांवर पुस्तकं पुन्हा उघडतात.