टाकीलाही वारा लागतो

नमस्कार श्रोतेहो.

घरच्या गॅरेजमध्ये जुनी मसल कार पुन्हा चालती करायची तर सुरुवात कुठून करायची, असं मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा रंग असतो. लाल घ्यावा की निळा? तर रंग सगळ्यात शेवटी. पुन्हा सांगते, रंग सगळ्यात शेवटी. आधी ब्रेक, मग पत्रा, मग इंजिन, आणि हे सगळं झालं की रंग. जी गाडी थांबवता येत नाही, ती चालू करून करायचं काय?

मसल कार म्हणजे काय, हे थोडक्यात. मध्यम आकाराची, साध्या घरात परवडेल अशी अमेरिकन गाडी, आणि बॉनेटखाली मात्र मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन. ही चाल चांगली रुजली ती अमेरिकेतल्या आपल्या मिशिगन राज्यातूनच, १९६४ च्या मॉडेलपासून. जनरल मोटर्समध्ये तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जनरल मोटर्सच्याच पाँटिॲक विभागात जॉन डिलोरियन या इंजिनियरने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचाचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन टेम्पेस्ट या मध्यम गाडीत बसवलं आणि जादा पैसे देऊन घ्यायचा ऑप्शन म्हणून ते विकायला काढलं. नियम मॉडेलसाठी होता, ऑप्शनबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं! पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या गेल्या. हीच ती जीटीओ.

माझ्या गॅरेजमध्ये १९६७ ची जीटीओ आहे. ४०० घन इंच, ३३५ हॉर्सपॉवर. हे आकडे ऐकून आजच्या गाड्यांशी लगेच तुलना करू नका. त्या काळी इंजिन बाहेर काढून, सायलेन्सर वगैरे न लावता ताकद मोजत. १९७२ पासून गाडीत बसवल्यावर जेवढी मिळते तेवढी मोजायला लागले, आणि कागदावरचे आकडे एकदम उतरले.

आता कामाचं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, गाडी तोलून धरायला स्टँड लागतात, तेही पक्क्या काँक्रीटवर. गॅरेजमध्ये पाणी तापवायचा गॅसचा बंब असेल तर त्याच्या खाली सतत ज्योत असते का, ते आधी बघा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते. टाकीचं किंवा कार्ब्युरेटरचं, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाचं, काम असेल त्या दिवशी तो बंब बंद.

ब्रेकचं सांगते. १९६६ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच कप्प्यातून जायचं. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. १९६७ च्या मॉडेलपासून पुढच्या चाकांचा कप्पा वेगळा, मागच्या चाकांचा वेगळा. तुमची गाडी त्याआधीची असेल तर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइल ढकलणारा भाग, घाला. अस्सलपणाच्या नावाखाली इथे हट्ट करू नका. रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी बदला, त्या आतून फुगून बंद होतात. आणि ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ती धूळ ओली करून पुसून घ्यायची.

पत्र्याला आपल्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ खातं. मागच्या चाकांच्या मागचा भाग, डिकीचा तळ, पायाखालचा पत्रा आणि मागच्या काचेचे खालचे दोन्ही कोपरे. छतावर व्हिनाइल चिकटवलेलं असेल तर त्याखालीसुद्धा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून गाडीभर फिरवा. जिथे धरत नाही तिथे खाली पत्रा नाही, पुट्टी आहे.

आणि पाने! या गाड्यांचे बोल्ट इंचांचे आहेत. अर्ध्या इंचाच्या डोक्याच्या बोल्टवर तेरा मिलिमीटरचा पाना चढतो, बसल्यासारखाही वाटतो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. गंजलेल्या बोल्टवर त्या एवढ्याशा फटीत पाना फिरतो, बोल्टचे कोपरे झिजतात, आणि दोन मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार जाते. सहा कोनी सॉकेट घ्या, बारा कोनी नको. या बाबतीत माझं मत कोणी बदलू शकलेलं नाही.

बरं, आता इंजिन. त्यासाठी आमच्या गाडीची हकीकतच सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

ही गाडी मला बरीच स्वस्त मिळाली, आणि का मिळाली ते विकणाऱ्या गृहस्थांनी सरळ सांगितलं. गाडी झकास चालू होते, पंधरा-वीस मिनिटं झकास पळते, आणि मग मरते. अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. पुन्हा पंधरा-वीस मिनिटं, पुन्हा तेच. डॅशबोर्डच्या कप्प्यात पावत्यांचा गठ्ठा होता. नवी इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणारी. नवा पेट्रोल पंप, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ओढणारा. कार्ब्युरेटर उघडून साफ केल्याची पावती. पेट्रोलच्या नळीला उष्णतारोधक पट्टी. मग आणखी एक पेट्रोल पंप. माणूस वैतागला होता, आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण ज्याला विचारलं त्याने पटण्यासारखंच कारण सांगितलं होतं.

कॉइल तापली की दगा देते आणि गार झाली की पुन्हा काम करते, हे खरं आहे. उन्हाळ्यात पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही, गार झाली की सुरळीत होतं, हेही खरं आहे. लक्षण एकच, कारणं दोन, आणि दोन्ही अगदी पटणारी. तिसरं कारण मात्र कोणी शोधलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना गाडीत बसायची भारी हौस. वुडवर्ड ॲव्हेन्यूवरून निघालो. हा रस्ता डेट्रॉइटपासून थेट पाँटिॲक शहरापर्यंत जातो. अमेरिकेतला पहिला मैलभर काँक्रीटचा हमरस्ता १९०९ मध्ये याच वुडवर्डवर झाला, आणि १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मोठा मेळा इथेच भरतो. तर निघालो, छान चाललो, आणि ठरल्यासारखी गाडी आचके द्यायला लागली. गॅस स्टेशन जवळ होतं. वेग होता तेवढ्यात आत वळवली आणि पंपाशी जाऊन ती बंद पडली.

मी बॉनेट उघडलं. आधी ठिणगी. प्लगची वायर काढून त्याला टेस्टर लावला, सासूबाईंना किल्ली फिरवायला सांगितली. ठिणगी चांगली निळी, कडक. म्हणजे कॉइल सुटली. मग पेट्रोल. एअर फिल्टर काढला, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत हाताने ॲक्सिलरेटरचा दांडा दाबला. आत पेट्रोलच्या दोन बारीक धारा उडायला हव्यात. काहीच नाही. कोरडं. म्हणजे पेट्रोल येत नाही, एवढं नक्की झालं.

इंजिन गार होईपर्यंत थांबायचंच होतं, तर म्हटलं पेट्रोल तरी भरून घेऊ. या गाडीत टाकीचं तोंड मागच्या नंबरप्लेटच्या मागे असतं. प्लेट खाली ओढली, टोपण फिरवलं, आणि सूऽऽऽ असा लांब आवाज आला. मला वाटलं, उन्हाने टाकीत वाफ साठली असेल, ती बाहेर पडली.

सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “अगं, वारा आत गेला की बाहेर आला?”

मी म्हटलं, “बाहेरच आला असणार, आई.”

“बघितलंस का?”

बघितलं नव्हतं. बघणार कसं? त्या म्हणाल्या, “मग पुन्हा बघ.”

टोपण घट्ट लावलं. गाडी एका फटक्यात चालू झाली, तेवढ्यातच. अर्धा तास थांबावं लागलं नव्हतं. मागच्या शांत रस्त्यांवरून फेऱ्या मारल्या, आणि पहिला आचका आल्याबरोबर कडेला घेऊन इंजिन बंद केलं. सासूबाईंनी हातरुमालाऐवजी कागदी नॅपकिनची एक पट्टी फाडली आणि टोपणाच्या कडेशी धरली. मी टोपण हळूच सैल केलं. पट्टी टाकीच्या तोंडाकडे ओढली गेली आणि तिथेच चिकटून राहिली. वारा आत चालला होता.

सासूबाई म्हणाल्या, “पंधरा किलोचा तेलाचा डबा फोडताना आपण दोन भोकं पाडतो. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा जातो. तुझ्या टाकीचं दुसरं भोक कुठंय?”

श्रोतेहो, अख्खं निदान त्या एका वाक्यात होतं. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. जेवढं पेट्रोल गेलं तेवढा वारा आत यायला हवा. आला नाही तर टाकीत हवेचा दाब कमी कमी होत जातो, आणि शेवटी पंप कितीही चांगला असला तरी पेट्रोल वर येत नाही. गाडी मरते. तुम्ही वाट बघता. तेवढ्या वेळात कुठल्यातरी बारीक फटीतून थोडा थोडा वारा आत शिरतो, दाब सावरतो, गाडी चालू होते. आपल्याला वाटतं, इंजिन गार झालं म्हणून चालू झाली. गार होण्याचा काही संबंधच नाही. नवे दोन पंप त्यापुढे काय करणार?

मग दुसरं भोक कुठे गेलं? १९६० च्या दशकातल्या गाड्यांत टाकीला वारा मिळायचा तो टोपणातल्या झडपेतून, किंवा टाकीला जोडलेल्या एखाद्या बारीक नळीतून. पुढे पेट्रोलची वाफ हवेत सोडू नये असे नियम आले, कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून आणि देशभर १९७१ च्या. तेव्हापासून टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात जायला लागली आणि टोपणं हवाबंद झाली. आमच्या गाडीवर कोणीतरी असंच नंतरच्या काळातलं बंद टोपण लावलं होतं. मापाने बरोबर बसतं, दिसायलाही तेच. नळी होती ती चिखल आणि गंजाने बुजलेली. गाडीखाली शिरून पाहिलं, तर टाकीचा तळही किंचित आत ओढला गेला होता.

झडपेचं टोपण काही डॉलरांत आलं. नळी तारेने साफ केली. गाडी त्या दिवसापासून अशी कधी थांबलेली नाही. सासूबाईंनी गावी परतल्यावर ही हकीकत कोणाकोणाला सांगितली याची यादी मोठी आहे, आणि तो मान त्यांचाच आहे.

तर गाडी रस्त्यात बंद पडली की क्रम लक्षात ठेवा. आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग टाकीचा वारा. पुन्हा एकदा: ठिणगी, पेट्रोल, वारा. टेस्टरने ठिणगी बघा. कार्ब्युरेटरमध्ये धारा उडतात का बघा. धारा नसतील तर टोपण सैल करून आवाज ऐका, आणि कागदाची पट्टी धरून वाऱ्याची दिशा बघा. पंधरा सेकंदांचं काम आहे. जो भाग बिघडल्याचं डोळ्यांनी पाहिलं नाही, तो विकत आणू नका.

जाता जाता एक गोष्ट. या गाड्यांच्या डॅशबोर्डवर बटणांचा मूळ एएम रेडिओ असतो. तो काढून त्या जागी पडद्याचा नवा स्टिरिओ बसवायला डॅशचा पत्रा कापतात, तेव्हा माझा जीव तुटतो. कापलेला पत्रा परत येत नाही. गाणी ऐकायची असतील तर लहान स्पीकर सीटवर ठेवा, पण तो रेडिओ राहू द्या. रात्री शेकडो मैलांवरचं स्टेशन त्याच्यावर लागतं, आणि असा रेडिओ घरोघर असावा असं माझं प्रामाणिक मत आहे. काही नव्या विजेवरच्या गाड्यांमधून एएम काढून टाकलंय, ते मला मुळीच पटलेलं नाही.

वेळ कमी उरलाय, म्हणून बाकीचं भराभर. जुन्या इंजिनात कॅम आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, घासून चालतात, त्यांना ऑइलमध्ये जस्ताचं प्रमाण पुरेसं लागतं. आजच्या साध्या ऑइलमध्ये ते कमी असतं. डब्यावर जुन्या इंजिनासाठी असं लिहिलेलं ऑइल घ्या. शिशामुळे व्हॉल्व्हच्या सीटची झीज कमी व्हायची, पण अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १ जानेवारी १९९६ पासून बंद झालंय, तेव्हा सिलिंडर हेड उघडलंच असेल तर व्हॉल्व्हखाली कठीण पोलादाच्या सीट बसवून घ्या. पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या.

रंगाचं मी सुरुवातीला म्हटलं तसं शेवटी, आणि त्याला वेगळा कार्यक्रम लागेल. तोपर्यंत नवं टोपण घेताना दोन गोष्टी बघा. पाकिटावर व्हेंटेड, म्हणजे वारा जाऊ देणारं, असं लिहिलंय का, आणि आतल्या बाजूला झडपेचं छिद्र दिसतंय का. आणि हिवाळा आलाय, गारठ्यामुळे गॅरेजचं दार लावून इंजिन कधी चालू ठेवू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार पूर्ण उघडं ठेवा, अंगावर आणखी एक स्वेटर घाला.

नमस्कार.