शनिवारचा घाणा आणि दोन हजार वर्षं

नमस्कार मंडळी. ज्यू लोकांच्या इतिहासावर बोला असं मला सांगितलं गेलं, तर मी सुरुवात जेरुसलेमपासून नाही, अलिबागच्या इस्रायल आळीपासून करते, कारण माझं आजोळ तिथलं. शेजारच्या ज्यू घरात पूर्वी लाकडी घाणा होता, आजी सांगायची की शनिवार आला की बैल सोडलेला, घाणा बंद, कितीही नड असली तरी त्या दिवशी तेल मिळायचं नाही. म्हणून तर कोकणात ज्यूंना शनवारतेली म्हणायचे. घाणा मी पाहिला नाही पण त्या घरच्या काकी आठवतात, दाराच्या चौकटीला तिरकी ठोकलेली एक बोटभर डबी होती, जाता येता तिला बोटं लावून ती ओठांना लावायच्या. तिला मेझुझा म्हणतात, आत तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, ओळी लिहिलेली गुंडाळी असते, हे मला फार उशिरा कळलं.

आता जेरुसलेम. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने तिथलं मंदिर पाडलं. पूजा, बळी, पुरोहित, सगळं त्या एका वास्तूशी बांधलेलं, ती गेल्यावर धर्म संपायलाच हवा होता. परंपरेत अशी गोष्ट सांगतात की योहानान बेन झक्काई नावाच्या गुरूला शिष्यांनी शवपेटीत घालून वेढ्यातून बाहेर काढलं आणि त्याने रोमनांकडे यावने या गावात शिकवायची परवानगी मागितली. मला हे मागणं फार मोठं वाटतं. मंदिराच्या जागी पुस्तक आलं, दहा पुरुष जमले की प्रार्थना होते, आणि उरलेलं सगळं घरात, ताटात आणि शनिवारात गेलं. पुढे १४९२ मध्ये स्पेनने हाकललं, विसाव्या शतकात युरोपात साठ लाख माणसं मारली गेली, तरी ही घरात ठेवलेली गोष्ट कोणाला हिसकावून घेता आली नाही.

आणि कोकणात तर पुस्तकही नव्हतं! नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष सात बायका वाचल्या असं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले हे ज्यू, सांगतात, नक्की कधी यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हिब्रू गेली, मराठी आली, आडनावं पेणकर, दिवेकर, रोहेकर झाली. उरलं काय तर शनिवार, मुलाची सुंता, 'शेमा इस्रायल' ही प्रार्थना आणि खवले नि पर नसलेला मासा न खाणं. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू माणूस आला तेव्हा म्हणे त्याने बायकांपुढे मासे ठेवले, त्यांनी चालणारे नि न चालणारे बरोबर वेगळे केले, आणि हे ज्यूच आहेत अशी त्याची खात्री पटली. म्हणजे धर्म स्वयंपाकघरात टिकला, हे मला आपल्या घरातल्या बायकांना आवर्जून सांगायचंय. मंदिर पडल्याच्या शोकाच्या दिवसाला तर त्यांच्यात बिरड्याचा सण म्हणतात, जेरुसलेमचं दुःख आणि वालाचं बिरडं एका नावात!

मग १७९६ मध्ये मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बांधलं, पुण्यात १८७४ मध्ये हगादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायचं पुस्तक, मराठीत छापला गेला. हे लोक इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, लग्नाच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, ते वाचून मला आजही राग येतो. पण ते गप्प बसले नाहीत, जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि १९६४ मध्ये संसदेला सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. मराठीही त्यांनी सोडली नाही, तिथून 'मायबोली' नावाचं नियतकालिक निघत आलंय.

प्रभाव प्रभाव म्हणतात तो शास्त्रज्ञांच्या आणि धनिकांच्या नावांनी मोजला जातो, मला तो आज इथे दिसतो. मालकाने, गड्याने आणि बैलानेसुद्धा आठवड्यात एक दिवस थांबायचं हा नियम तोरात लिहिलेला आहे, जगाने तो उचलला, आणि म्हणून आपण सुट्टीच्या दिवशी जमलोय.

जेवणात आज मलिदा ठेवलाय. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वरून कापलेली फळं, काकी करायच्या तसाच केलाय, त्यांच्याकडे लग्नकार्यात एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. ताट पुढच्या टेबलापासून फिरवते, फळं आधी घ्या, मग पोहे.