संकट सरल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

१४ जानेवारी १७६१. पानिपत मोडलं आणि जो तो वाट फुटेल तिकडे पळत सुटला. पाठलागावर आलेल्या एका पठाणाने महादजी शिंद्यांच्या पायावर घाव घातला आणि ते रस्त्यातच कोसळले. तिथून जाणाऱ्या राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना उचललं, आपल्या पखालीच्या बैलावर घातलं आणि थेट दक्षिणेत पोचवलं. तो पाय महादजींना जन्मभर अधू राहिला.

आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये ही गोष्ट लहानपणापासून कानावर पडते. पण सांगणारे बहुतेक इथेच थांबतात, आणि मला तर पुढचा भाग अधिक मोठा वाटतो. महादजींनी राणेखानाला चार मोहरा देऊन वाटेला लावलं नाही. त्याला भाऊ म्हटलं, जहागीर दिली, फौजेत सरदारी दिली. पुढे १७८८ मध्ये गुलाम कादिराने दिल्लीच्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याच्यावर चालून गेलेल्या मराठी फौजेचा सेनापती हाच राणेखान होता. मधे सत्तावीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात माणसं सख्ख्या भावाचे उपकार विसरतात हो!

संकटात माणसं धावून येतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुराचं पाणी घरात शिरलं की दार उघडणाऱ्याचा धर्म कुणी विचारत नाही. मला आज बोलायचंय ते पाणी ओसरल्यानंतरच्या दिवसांविषयी.

ग्वाल्हेरच्याच गाण्यातलं उदाहरण देते. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ या भावांनी आपल्या गावाला घराणं दिलं, आणि त्यांच्याकडून ते मराठी ब्राह्मणांच्या घरांत आलं. नत्थू खाँसाहेबांचे वारस निसार हुसेन खाँ. १८८६ मध्ये जयाजीराव महाराज गेले, खाँसाहेबांचा दरबाराचा आधार सुटला. तेव्हा ते राहायला आले शंकरराव पंडितांकडे, आपल्या शिष्याच्या घरी. विचार करा, तो काळ सोवळ्या-ओवळ्याचा. त्या घरातल्या बायकांनी रोजचं स्वयंपाकपाणी सांभाळून एका मुसलमान उस्तादाला घरातलं वडीलधारं माणूस म्हणून वागवलं. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित देशभर गायले ते याच घरातलं गाणं.

आता थोडं माझ्या घरचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. आम्ही दोघंही तापाने पडलेलो, मुलगी पुण्यात अडकलेली. शेजारचे शिवणकाम करणारे चाचा, त्यांचा मोठा मुलगा रात्रभर ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी फिरला. कागदावर सही करताना तिथल्या माणसाने विचारलं, “आपका रिश्ता?” तो म्हणाला, “पोता हूँ।” सासूबाई वाचल्या. माझा भाऊ मात्र त्याच लाटेत गेला.

पुढे मुलीचं लग्न ठरलं. बोहल्यापर्यंत तिला आणायचं मामाने, आणि मामा तर नाही. मुलगीच म्हणाली, “मामू आणतील ना!” चाचांच्या त्या मुलाला ती लहानपणापासून मामूच म्हणते. दोन-चार नातेवाईक कुजबुजले. सासूबाईंनी खुर्चीतूनच सांगितलं, “माझा नातू आहे तो, येऊ दे पुढे.” गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. त्याच्या घरात आता कुणी आजारी पडलं की पहिला फोन आमच्याकडे येतो, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

काळजी वाटते ती वेगळीच. दौलतगंज, जनकगंजातले जुने वाडे रिकामे होताहेत. मुलं नव्या कॉलन्यांत राहायला जातात. तिथे सगळी आपल्यासारखीच माणसं. मामू म्हणायला शेजारी कुणी नसेल, तर अडल्या रात्री हाक कुणाला मारायची आणि धावून जायचं कुणासाठी?

म्हणून एक विनंती करते. दर डिसेंबरात हजिऱ्याला तानसेन समारोह होतो. संध्याकाळच्या मैफलींना आपण जातोच. या वर्षी पहिल्या दिवशी सकाळी जा. सूफी संत महंमद घौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनांच्या समाधीपाशी आधी सनई वाजते, मग ढोलीबुवांच्या मठाच्या गादीवरचे महाराज हरिकथा सांगतात आणि त्यानंतर मौलवीसाहेब मिलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती, वाचतात. सकाळी गर्दी कमी असते, अगदी पुढे बसायला मिळतं. नातवंडांना शाळा बुडवायला लावून घेऊन जा, आणि शेजारी जे कुणी बसलेले असतील त्यांच्याशी त्यांची ओळख करून द्या.

नमस्कार.