पोट भरलं, तरी बर्फीला जागा होतेच

मंडळी, सावजी जेवण झालंय. कपाळावर घाम, नाकाला धार, शेवटची भाकरी कशीबशी संपवलेली. आता पाण्याचा घोटही जाणार नाही, असं आपणच म्हणतो. तेवढ्यात कुणी संत्रा बर्फीचा डबा उघडतं आणि हात पुढे जातो. घरातले वडीलधारे याला हावरटपणा म्हणतात. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून आज त्या हाताची वकिली करायला उभा आहे.

एकच चव खात राहिलं की मेंदूला तिचं अप्रूप कमी होत जातं, दुसऱ्या चवीचं मात्र शाबूत राहतं. तिखटाला ‘पुरे’ झालेलं असतं, गोडाला नाही. बुफे मांडणारे केटरर हे कुठल्याही कॉलेजात न जाता जाणतात.

पण भुकेचा मूळ कारभार मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये चालतो. 1951 साली येल विद्यापीठात बी. के. आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसला दोन्ही बाजूंनी बारीकशी इजा केली, तर पुढ्यात अन्न असूनही ते उंदीर खाईनात. हेच आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये आले आणि तिथला शरीरक्रियाशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं, याची मला खंत आहे.

मग या केंद्राला खबर कोण देतं? अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत दोन वाणांचे अतिलठ्ठ उंदीर होते, दिसायला सारखेच. डग्लस कोलमन यांनी त्यांचा रक्तप्रवाह शस्त्रक्रियेनं दुसऱ्या उंदरांशी जोडला. पहिल्या वाणाचा उंदीर सडपातळ उंदराशी जोडल्यावर कमी खाऊ लागला. दुसऱ्या वाणाचा जोडला, तर तो लठ्ठच राहिला आणि बिचारा सडपातळ जोडीदार अन्न सोडून उपाशी मेला! म्हणजे ‘पुरे’ सांगणारं काहीतरी रक्तात फिरतं. पहिल्याकडे ते नाही, दुसऱ्याकडे भरपूर आहे, पण त्याला ते ऐकूच येत नाही. 1994 साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं त्याचं जनुक शोधलं. चरबीच्या पेशींतून येणाऱ्या त्या संप्रेरकाचं, म्हणजे हार्मोनचं, नाव लेप्टिन.

1999 साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी जन्मतः लेप्टिन नसलेल्या एका 9 वर्षांच्या मुलीला ते टोचलं. तिचं वजन होतं 94 किलो. वर्षभरात 16 किलो उतरलं. या पोरीला ‘तोंडावर ताबा ठेव’ हे किती जणांनी ऐकवलं असेल?

आता तुम्ही विचाराल, मग सगळ्यांनाच लेप्टिन का देत नाहीत? कारण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच जास्त असतं. त्यांची गत त्या दुसऱ्या वाणासारखी. वर वजन उतरवलं की लेप्टिन घसरतं आणि शरीर दुष्काळ पडल्यासारखं वागतं. मेलबर्नच्या 2011 सालच्या एका अभ्यासात, डाएटनं वजन उतरवलेल्यांची भूक आणि भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही मूळ पातळीवर आलेली नव्हती. डाएट सोडणाऱ्याला आळशी म्हणण्याआधी हे ध्यानात घ्या.

वजन उतरवण्यासाठी सध्या गाजणारी इंजेक्शनं जीएलपी-1 या आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल करतात. आपलं स्वतःचं जीएलपी-1 रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. या इंजेक्शनांतलं सेमाग्लुटाइड हे औषध आठवडाभर पुरतं. मळमळ होते, आणि बंद केलं की वजन बरंचसं परत येतं. शेजारच्यानं घेतलं म्हणून आपणही घ्यावं, अशी ही चीज नाही.

मघाशी एका काकूंनी चिठ्ठी पाठवली: संकष्टीला दुपारी कडकडून भूक लागते आणि काही न खाताच मरते, ते कसं? काकू, हा घ्रेलिन या भूक जागवणाऱ्या संप्रेरकाचा खेळ. 1999 साली जपानी शास्त्रज्ञांना ते जठरात सापडलं. आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळेआधी ते चढतं आणि घास पोटात गेला नाही तरी थोड्या वेळानं उतरतं. म्हणून एकची भूक तीनला नसते आणि रात्रीच्या जेवणाची वेळ झाली की, चंद्र उगवो न उगवो, पुन्हा उठते. साबुदाण्याची उसळ दोनदा घेणाऱ्यांनी मात्र हा प्रश्न मला विचारू नये.