विद्यापीठाची तिजोरी आणि तिच्या किल्ल्या

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या मराठी घरांत एक गोंधळ वर्षानुवर्षे चालत आला आहे. पुण्याहून आलेला पाहुणा ‘कुलपती’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात राज्यपाल असतात. आपण इथे मात्र विद्यापीठाचा रोजचा कारभार पाहणाऱ्यालाच कुलपती म्हणत आलो, कारण मध्य प्रदेशच्या कायद्यात राज्यपालांसाठी ‘कुलाधिपती’ ही वेगळी संज्ञा आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने कुलपती हे पदनाम बदलून कुलगुरू केले आणि निदान शब्दापुरता हा घोळ मिटला. त्या पदामागचे अधिकार कोणाचे आणि विद्यापीठ चालते ते कोणाच्या पैशावर, याविषयी आज बोलायचे आहे.

आपले होळकर महाविद्यालय १८९१ चे, पण त्याच्या विद्यार्थ्यांना पदवी देणारे विद्यापीठ दीर्घकाळ बाहेरगावचे होते. १९५७ पर्यंतच्या काळात आग्र्याचे, त्यानंतर उज्जैनचे विक्रम विद्यापीठ, आणि १९६४ मध्ये इंदूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, ज्याला १९८८ मध्ये देवी अहिल्याबाईंचे नाव देण्यात आले. विद्यापीठ स्थापन करण्याचा अधिकार घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवला आहे, उच्च शिक्षणाचा दर्जा आणि समन्वय हे केंद्राचे काम, आणि शिक्षण हा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर दोघांच्या सामाईक सूचीत आहे. या वाटणीमुळे नियम दिल्लीहून येतात, कायदा भोपाळचा असतो, आणि खर्च भागवण्याची चिंता इंदुरात करावी लागते.

हा कायदा म्हणजे १९७३ चा मध्य प्रदेश विश्वविद्यालय अधिनियम. त्यानुसार कुलगुरू निवडण्यासाठी तिघांची समिती बसते: एक सदस्य कार्यपरिषदेने निवडलेला, एक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षांनी सुचवलेला आणि एक कुलाधिपतींनी नेमलेला. समिती नावे सुचवते, नेमणूक कुलाधिपती करतात आणि मुदत चार वर्षांची असते. विद्यापीठाचा खरा निर्णयकर्ता म्हणून कार्यपरिषद असते, तिच्यात काही अधिष्ठाते आणि प्राचार्य, शासनाचे प्रतिनिधी आणि कुलाधिपतींनी नेमलेले सदस्य बसतात. पण सर्व विद्यापीठांना लागू पडणाऱ्या नियमांसाठी कुलाधिपतींच्या अध्यक्षतेखालील समन्वय समितीकडे जावे लागते, आणि कुलसचिव हे राज्याच्या सेवेतील अधिकारी असल्याने त्यांची बदली आज इथून उद्या रीवाला होऊ शकते. शिवाय कलम ५२ आहे. कारभार कायद्याप्रमाणे चालवता येत नाही असे राज्य शासनाला वाटले, तर या कलमाखाली कुलगुरू आणि कार्यपरिषद दोघांनाही पद सोडावे लागते. २०१९ मध्ये ऑनलाइन प्रवेश परीक्षेत झालेल्या गोंधळानंतर आपल्याच विद्यापीठावर ते लागू झाले होते. परीक्षेतल्या चुकीची जबाबदारी ठरलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र एका चुकीसाठी निवडीची सगळी व्यवस्थाच बाजूला सारणारे हत्यार शासनाच्या हाती असावे का, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

आता पैशाकडे येतो. गेल्या हंगामात रामबागेतल्या आमच्या शेजारच्या मुलीचा परीक्षेचा अर्ज भरायला मी तिच्याबरोबर किऑस्कवर गेलो होतो. पडद्यावर रकमा एकाखाली एक उमटत होत्या: परीक्षा शुल्क, पोर्टल शुल्क, आणि तारीख दोन दिवसांनी उलटून गेल्यामुळे विलंब शुल्क. तिने तिच्या वडिलांना फोन करून पुन्हा पैसे मागितले. विद्यापीठाचे मूळ उत्पन्न ते हेच. परीक्षा शुल्क, नामांकन म्हणजे नावनोंदणीचे शुल्क, गुणपत्रिकांच्या प्रती, महाविद्यालयांकडून घेतले जाणारे संलग्नता शुल्क, आणि खंडवा रोडवरील तक्षशिला परिसरातल्या स्ववित्त, म्हणजे विद्यार्थ्यांच्या पैशावरच चालणाऱ्या, अभ्यासक्रमांची फी. राज्याचे अनुदान येते, पण अशा विद्यापीठाच्या खर्चाचा मोठा भाग या स्वतःच्या उत्पन्नातूनच भागवावा लागतो. संगणक, व्यवस्थापन, अभियांत्रिकी अशा ज्या विभागांना विद्यार्थी मिळतात ते स्वतःला पोसतात आणि इतरांनाही हातभार लावतात. संस्कृत किंवा तत्त्वज्ञानाचा विभाग तसा चालणे शक्य नाही, आणि चालावा अशी अपेक्षा ठेवणेही चूक आहे.

केंद्राचा पैसाही येतो. त्यासाठी अनुदान आयोगाच्या कायद्यातील कलम १२ ब ची, म्हणजे केंद्राचे अनुदान घेण्याची, पात्रता लागते, आणि २०१३ पासून राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, म्हणजे ज्याचे २०२३ पासून पीएम-उषा झाले, त्यातून आपल्यासारख्या राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के वाटा उचलते. पण हा पैसा मुख्यतः इमारती, प्रयोगशाळा आणि उपकरणांसाठी असतो. प्रयोगशाळेची फीत कापली जाते आणि त्या प्रयोगशाळेत शिकवणारा माणूस मात्र कायम पद नसलेला, मानधनावर नेमलेला अतिथी विद्वान असतो. मी ज्या महाविद्यालयात शिकवले, तिथल्या एका सहकाऱ्याने अनेक वर्षे अशीच काढली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला मानधन नसे, म्हणून तो शिकवण्या घेई, आणि जुलै उजाडला की पुन्हा तोच विषय, तोच वर्ग आणि नवा आदेश. त्याच्या हाताखाली शिकलेली मुले आज स्वतः कायम पदांवर आहेत.

पैशाच्या या ओढाताणीचे निमाडाचे, म्हणजे खरगोन-सेंधव्याकडच्या भागाचे, उदाहरण तर अगदी ताजे आहे. २०२४ मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झाले आणि निमाडची महाविद्यालये आपल्या विद्यापीठाकडून तिकडे गेली. हे व्हायलाच हवे होते. सेंधव्याच्या मुलाला गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करून घेण्यासाठी इंदूरच्या खेपा घालाव्या लागत, त्यात त्याच्या आईवडिलांची दोन-दोन दिवसांची मजुरी बुडत असे. पण महाविद्यालये गेली की त्यांचे संलग्नता आणि परीक्षा शुल्कही जाते, आणि मागे राहिलेल्या विद्यापीठाचे कर्मचारी, इमारती, वीजबिल मात्र होते तेवढेच राहते. नव्या विद्यापीठाला सुरुवातीला पुरेसे उत्पन्न नसते आणि जुन्याचे कमी झालेले असते. ही तूट फी वाढवून भरायची की राज्याच्या अर्थसंकल्पातून, हा निर्णय शासनाने उघडपणे घ्यावा. माझे मत सांगतो: मंजूर पदांचा पगार राज्याने पूर्ण उचलावा, आणि विद्यार्थ्यांकडून येणारा पैसा परीक्षा, ग्रंथालय आणि वसतिगृहांवरच खर्च व्हावा.

विद्यापीठाचे अंदाजपत्रक दरवर्षी कार्यपरिषदेसमोर मांडले जाते, आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर त्यातले आकडे कोणाही पालकाला मागता येतात. पहिला अर्ज करणाऱ्याने माझ्या मते एवढेच विचारावे: प्रत्येक विभागात मंजूर पदे किती, त्यांतली भरलेली किती, आणि रिकाम्या पदांचे तास सध्या कोण घेत आहे.