नाव चुकलं, म्हणून भुंगाही चुकला

मंडळी, पडद्यावर दिसतंय ते पान नाही, पानावरची लव आहे, खूप मोठी करून दाखवलेली. चार-चार केस मधे फाकलेत आणि टोकाशी पुन्हा जुळलेत, अगदी ताक घुसळायच्या रवीसारखे. या केसांत हवा अडकते, म्हणून पान पाण्यात दाबलं तरी कोरडंच वर येतं. ही साल्विनिया मोलेस्टा. आपल्याकडची जलपर्णी वेगळी. हे तरंगणारं नेचं आहे. त्याला खरी मुळं नाहीत. दर पेराला तीन पानं, त्यांतलं तिसरं चिरफाळून पाण्यात मुळांसारखं लोंबतं. बीजाणू वांझ, पण तुकडा मोडला की नवं रोप. संथ, उबदार, खतावलेलं पाणी मिळालं तर दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं.

आफ्रिकेतलं करिबा धरण भरू लागलं आणि 1959 साली तिथे हे नेचं दिसलं. 1962 पर्यंत त्याने सुमारे 1000 चौरस किलोमीटर पाणी झाकलं. तेव्हा त्याला साल्विनिया ऑरिक्युलाटा ही दुसरीच जात समजत. मग त्या जातीवरचे कीटक शोधून आणले, त्यांतल्या सोंड्या भुंग्याने काही साधलं नाही. 1972 साली वनस्पतिशास्त्रज्ञ मिचेल यांनी ही जात निराळी असल्याचं दाखवलं, आणि 1978 मध्ये तिचं माहेर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथला भुंगा जेमतेम दोन मिलिमीटरचा. 1980 साली तो ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला आणि वर्षभरात तण आटोक्यात आलं. गंमत अशी की हा भुंगाही आधी त्या फसलेल्या भुंग्याच्याच जातीचा समजला गेला होता. त्याला स्वतःचं नाव 1985 साली मिळालं. नारळाच्या बागेत सोंड्या म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो. हा त्याचाच जातभाई, पण याला फक्त साल्विनियाच लागते.

पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीची गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथलं जगणं होडीवर. तणाने पाणी झाकलं तेव्हा मासेमारी थांबली, आजाऱ्याला दवाखान्यात नेणं मुश्कील झालं. भुंगे सोडले, पण काही ठिकाणी ते तगेनात. तणातच नत्र कमी होतं, अळ्या उपाशी राहत होत्या. तेव्हा संशोधकांनी काय करावं? तणाला युरिया घातला! पानं पोसली, भुंगे वाढले. सुमारे 250 चौरस किलोमीटरवरचं तण दोनेक चौरस किलोमीटरवर आलं.

आपल्या देशात भुंगा 1983 च्या सुमारास बंगळूरला आला, मग केरळात गेला. कुट्टनाडच्या कालव्यांत होड्या अडत, भातशेतीत हे तण घुसे. लोक त्याला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात, म्हणजे गावही चुकीचंच चिकटलं. तिथे भुंग्याने तीनेक वर्षांत बहुतेक कालवे मोकळे केले. अळी खोडात बोगदा करते, भुंगा कोंब खातो, हिरवा थर तपकिरी पडून बुडतो. तो तपकिरी थर दिसला की लोक घाईने उपसायला धावतात. तसं करू नका, पुढची पिढी त्याच खोडांत असते.